साष्टी, ४५ मीटर

साष्टी बुडालेली आहे, असं मी ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या क्यूबिकलमधला अंधेरीकर म्हणाला, "हो, २००५ च्या २६ जुलैला आम्हीही बघितली."

उत्तर चोख होतं, पण मी म्हणत होतो ती साष्टी वेगळी. आधी आपली नेहमीची साष्टी बघू. वसईच्या किल्ल्यामागे जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे उत्तन, डोंगरी, भाईंदरचा जो किनारा दिसतो तो साष्टी बेटाचा. गोव्यातला साष्टी तालुका निराळा. रोज सकाळी नायगाव गेलं की लोकल पुलावर चढते, पांजू बेट मागे पडतं आणि भाईंदर आलं की आपण साष्टीत शिरलो. लोकलमधल्या कुणाला हे सांगून बघा, तो तुम्हाला दाराकडे सरकायला सांगेल. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट गावं, त्याचं झालं साष्टी, पोर्तुगीजांनी केलं साल्सेत आणि इंग्रजांनी साल्सेट. १७३७ मध्ये मराठ्यांनी ती घेतली, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून साष्टी आपल्या खिशात टाकली. पुढे तिचं नाव त्यांनी एका जहाजाला दिलं.

ते जहाज म्हणजे पी अँड ओ कंपनीचं 'साल्सेट'. स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकला १९०८ साली बांधलेलं. लांबी ४४० फूट, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलचे साधारण सहा डबे. टनेज ५८४२, वेग जवळजवळ २० नॉट. काम काय, तर एडन ते मुंबई ये-जा. कंपनीची मोठी जहाजं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाताना एडनला थांबत, तिथे मुंबईची टपाल आणि मुंबईचे प्रवासी उतरत, आणि 'साल्सेट' त्यांना घेऊन पळत सुटे. थोडक्यात वसई-दिवा शटल. मुख्य मार्गावरची नाही, पण तिच्यावाचून पुष्कळांचं अडणारं.

२० जुलै १९१७ ला, पहिल्या महायुद्धात, लंडनहून निघालेल्या 'साल्सेट'ला इंग्लिश खाडीत यूबी-४० या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. १५ माणसं गेली. पोर्टलंड बिल नावाचं एक टोक आहे, त्याच्या पश्चिमेला लाइम बेमध्ये जहाज अजून पडलेलं आहे. तळ साधारण ४५ मीटरवर. पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली बघा, तेवढं.

तर मंडळी, २०१७ च्या जुलैत, बरोबर १०० वर्षांनी, मी ते बघायला गेलो होतो.

*

आता प्रश्न असा की वसईच्या माणसाला बुडालेलं जहाज बघायला इंग्लंडला कशाला जायला लागतं? आमच्याकडे समुद्र नाही की आमच्याकडे जहाजं बुडाली नाहीत?

दोन्ही भरपूर आहे. विरारच्या उत्तरेला जी नदी समुद्राला मिळते तिच्या नावाची 'वैतरणा' ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणत. ७०० हून अधिक माणसं होती. फळकुटसुद्धा मिळालं नाही आणि जहाज आजतागायत सापडलेलं नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकापाशी उलटली. ६०० हून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या आज्या अजूनही पावसाळ्यात बोटीने जायचं म्हटलं की 'रामदास'चं नाव काढतात. आणि अगदी कालपरवाचं म्हणजे १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात 'पी-३०५' हा बार्ज. नांगर तुटले, बार्ज भरकटला, बुडाला. २६१ माणसं होती, त्यातली ७० च्या वर गेली. नंतर नौदलाने सोनार लावून तळावर बार्ज शोधला आणि पाणबुडे उतरवले. हे पाणबुडे मौजेखातर उतरत नाहीत. कोणीतरी घरी वाट बघत असतं म्हणून उतरतात.

म्हणजे जहाजं आहेत. दिसत मात्र काही नाही. उल्हास आणि वैतरणा हा सगळा चिखल आणून ओततात, उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आणि दिवसातून चार वेळा हा सगळा काला ढवळून निघतो. पाण्यात हात लांब केला तर मनगट दिसत नाही. सुरुच्या बागेच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःची बोटं शोधून बघा. आमचा समुद्र मासे देतो, पण आत काय आहे ते दाखवत नाही.

*

माझं डायव्हिंग सुरू झालं ते कंटाळ्यापोटी. ऑनसाइट होतो, रेडिंगला. ज्यांनी इंग्लंडातल्या छोट्या गावात नोव्हेंबर काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. चार वाजता अंधार, सहाला दुकानं बंद. क्लायंटकडचा एक टेस्टर दर बुधवारी पोहण्याच्या तलावात टाक्या लावून बुडणाऱ्या एका क्लबात जायचा. मला घेऊन गेला. वय पन्नाशीचं, बोलणं कमी, चहा जास्त. पुढची चार वर्षं तो माझा जोडीदार होता. डायव्हिंगमध्ये त्याला बडी म्हणतात, पण जोडीदार हाच शब्द बरा. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

हळूहळू २० मीटर, मग ३०, मग ४०. त्याच्या पुढे मात्र खेळ बदलतो. त्याला टेक्निकल डायव्हिंग म्हणतात, आणि टेक्निकल म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो: वर यायचा रस्ता बंद असतो. डोक्यावर छत नसतं, पण तुमच्या रक्तात विरघळलेला वायू हेच छत. सरळ वर आलात तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखे बुडबुडे अंगात फुटतात. म्हणून ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं लटकत थांबत यायचं. काही बिघडलं तर ते तिथेच, खाली, दुरुस्त करायचं. प्रॉडक्शन सर्व्हर रीस्टार्ट न करता चालू ठेवून पॅच लावण्यासारखं. फक्त इथे सर्व्हर म्हणजे तुम्ही.

मला त्यातलं गणित फार आवडलं. ४५ मीटरवर दाब वरच्या साडेपाच पट. म्हणजे वर मी मिनिटाला १५ लिटर हवा घेत असेन तर खाली ८२ लिटर लागणार. वीस मिनिटांना १६५० लिटर. पाठीवर १२-१२ लिटरच्या दोन टाक्या, २२० बारला भरलेल्या, म्हणजे ५२८० लिटर. त्याचे तीन भाग: एक जायला, एक यायला, आणि तिसरा तुमचा नाहीच. तो जोडीदाराचा. त्याची हवा संपली तर त्याला देण्यासाठी तो तुम्ही वाहायचा. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आणि त्या टाक्यांत हवा नसतेच. नुसत्या हवेवर त्या खोलीला नायट्रोजन चढतो, दारूसारखा. म्हणून त्यात हेलियम मिसळतात, फुग्यातला तोच. आमच्या मिश्रणात २१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम, उरलेला नायट्रोजन. मग ४५ मीटरवर नायट्रोजन चढतो तो २० मीटरवर असल्याइतकाच. कुशीला आणखी एक छोटी टाकी, ५० टक्के ऑक्सिजनची. ती २१ मीटरच्या वर आल्यावरच तोंडाला लावायची. अंगातला नायट्रोजन लवकर निघून जातो. पण तीच खाली ४५ मीटरवर चुकून तोंडात घेतली तर ऑक्सिजनचंच विष होतं, झटके येतात आणि माणूस बुडतो. म्हणून टाकी बदलताना दुसऱ्याने बघायचं, लेबल वाचायचं, नळी कुठून कुठे जाते ते हाताने चाचपायचं, आणि मान डोलवायची. कोड रिव्ह्यू. आपल्याकडे तो शुक्रवारी सहा वाजता 'दिसतंय बरं' म्हणून उरकतात, तसा नाही.

*

तारीख ठरवताना गंमत झाली. क्लबातल्या सगळ्यांना शताब्दीच्या दिवशीच, २० जुलैला जायचं होतं. बोटीचा मालक नाही म्हणाला. त्या आठवड्यात पाण्याला फार ओढ असेल, १५-१६ ला या. इंग्लिश खाडीत भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात काय ते उतरायचं. ओढ जास्त असेल तर तो थबकायचा वेळही आखडतो.

मी त्या रात्री घरी फोन केला. बाबा पाचूबंदरचे, चाळीस वर्षं डोलीची मासेमारी केलेले. त्यांना म्हटलं, १५-१६ जुलैला जातोय. त्यांनी कालनिर्णय काढलं असावं, पानांचा आवाज आला.

"आषाढ वद्य सातम-आठम. भांगाचं पाणी. बरोबर सांगितलंन त्याने. वीसला गेला असतास तर पुढे अवस, उधाण लागलं असतं."

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि वसईपुरतंच आहे असं समजत होतो. गुलाबी चेहऱ्याचा तो बोटवाला आणि माझे बाबा एकाच चंद्राकडे बघून एकच तारीख सांगत होते. एकाच्या हातात अॅडमिरल्टीची टेबलं होती, दुसऱ्याच्या हातात भिंतीवरचं कॅलेंडर.

मग बाबांनी विचारलं, "माणसं किती गेली होती?"

"पंधरा."

"सापडली?"

मला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांनी मला आतापर्यंत दोनच प्रश्न विचारले होते, किती खोल आणि सोनं आहे का. हा प्रश्न फक्त बाबांनी विचारला. कारणही मला माहीत होतं. माझा मोठा काका माझ्या जन्माच्या आधी बोट घेऊन गेला तो परत आला नाही. काहीच मिळालं नाही. आमच्याकडे त्याचा फोटो आहे, त्याच्यावर बोलणं नाही.

आईने फोन घेतला आणि म्हणाली, "एवढं शिकवलं ते दर्यात जायला लागू नये म्हणून." याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

*

रविवार १६ जुलै. वेमथ बंदरातून सकाळी निघालो, पोर्टलंड बिलला वळसा घालून पश्चिमेला. बोटवाल्याने जहाजावर नेम धरून वजन बांधलेली दोरी सोडली, वर तरंगायला बोया. मग वाट बघणं. पाण्याची ओढ असते तोवर बोया आडवा होऊन अर्धा पाण्याखाली जातो. हळूहळू तो उभा राहतो, दोरी सैल पडते. बोटवाला म्हणाला, चला. माझा प्रोजेक्ट ऑगस्टमध्ये संपत होता आणि सप्टेंबरला मी कायमचा वसईला परतणार होतो. पुढचं भांग पंधरा दिवसांनी, पण त्या तारखांना बोट आधीच भरलेली. म्हणजे हीच एक संधी.

दोरीच्या कडेने खाली. दहा मीटरपर्यंत हिरवं, तीसला करडं, मग टॉर्चच्या उजेडापुरतं जग. पाणी १४ अंश. ४० च्या आसपास खालून एक काळी भिंत वर आली. कोणी नाव सांगायची गरज नव्हती.

जहाज डाव्या कुशीवर झोपलंय. वरचे मजले कधीच कोसळलेत, पत्रे एकमेकांवर सरकून पडलेत, जुनी चाळ पाडल्यावर दिसते तसं. पण मध्येच अख्खी बाजू शाबूत, आणि तिच्यावर गोल खिडक्यांच्या भोकांची ओळ. भोकांचीच, कारण पितळी चौकटी बहुतेक काढून नेलेल्या. वर्षानुवर्षं डायव्हर हातोडी आणि पहार घेऊन उतरत आले. आता इंग्लंडात कायद्याने जे काही वर आणाल ते सरकारच्या अधिकाऱ्याकडे नोंदवायला लागतं, पण गेलं ते गेलं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात साष्टीची खिडकी आहे आणि तिच्यातून भिंत दिसतेय.

एका भोकातून आत उजेड टाकला. वामसारखा जाडजूड मासा, इंग्रज त्याला काँगर म्हणतात, तोंड बाहेर काढून बघत होता. त्याच्या मागे अंधार. या भोकापलीकडे कोण राहत असेल याचा विचार आला. डेकवर चढणारा मेमसाहेब प्रवासी की खालचा माणूस? पी अँड ओच्या मुंबईच्या जहाजांवर डेकचे खलाशी रत्नागिरीचे आणि गुजरातचे, भट्ट्यांवर पंजाबी-पठाण, जेवणखाण बघायला गोव्याचे. त्यांचे हुद्दे सारंग, तांडेल, खलाशी. पाचूबंदरला बोटीच्या मालकाला आणि माणसांना याच नावांनी हाका मारतात. इंग्रजांच्या जहाजांचं अर्धं बोलणं असं आमच्याच किनाऱ्यावरचं होतं.

बेत असा होता की मधून सुरुवात करून बॉयलरवरून मागच्या टोकापर्यंत जायचं. बॉयलर दिसलेही, हत्ती बसल्यासारखे. तळावर अकरावं मिनिट. मी पुढे बोट दाखवलं. जोडीदाराने अंगठा दाखवला.

आपल्याकडे अंगठा म्हणजे एक तर झकास, नाहीतर ठेंगा. पाण्याखाली त्याचा एकच अर्थ: डाइव्ह संपली, वर चला. आणि नियम असा की कोणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी अंगठा दाखवू शकतो, त्याला का असं विचारायचं नाही. खाली तर नाहीच, वर आल्यावरही नाही. ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेल.

माझ्या टाक्यांत भरपूर गॅस होता. त्याच्याही, मला त्याचा गेज दिसत होता. पाणी स्वच्छ, दहा मीटर दिसत होतं. मागचं टोक फार तर चाळीस मीटर पुढे. मी अंगठा दाखवला, म्हणजे मान्य. वळलो.

वर येताना एकवीस मीटरवर टाक्या बदलल्या. त्याने माझं लेबल वाचलं, मी त्याचं. त्याचे बुडबुडे मी मोजत होतो, घाईचे होते, हळूहळू लांब झाले. मग थांबे. दोरीला धरून दोघं लटकलो, पंधराएक मिनिटं, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. विरार लोकलमध्ये बसतात ना समोरासमोर, तसं.

बोटीवर बोटवाल्याने चहा दिला. आम्ही वीस मिनिटांच्या बेताऐवजी लवकर आलो हे त्याने घड्याळात बघितलं होतंच. तो म्हणाला, "साखर?" बाकीच्या जोड्या वर आल्या, मागचं टोक कसं दिसलं ते सांगू लागल्या. आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी गाडी चालवताना जोडीदार आपणहून म्हणाला, "श्वास बसत नव्हता. खोल घेत होतो पण पुरत नव्हता." एवढंच. मला कळलं. दाट वायू ओढताना फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला की असंच सुरू होतं. मग दम वाढतो, दमाने आणखी साठतो, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला शहाणा माणूस तोंडातली नळी काढून फेकून देतो. त्या अवस्थेतून पुष्कळदा परत येणं नसतं. अकराव्या मिनिटाला ते फक्त 'बरं वाटत नाही' एवढंच असतं. अंगठा दाखवायची वेळ तीच.

*

रात्री घरी फोन केला. बाबांना सगळं सांगितलं. मी मागचं टोक बघितलं नाही हे सांगताना माझा आवाज पडला असणार.

"मागे फिरा कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"जोडीदार."

"आणि तू फिरलास."

"नियमच आहे तसा."

ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मी छत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. काका गेला त्या दिवशी तीन बोटी निघाल्या होत्या. नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झालेले, पाणी भांगाचं, मोसम नवा, सगळ्यांना घाई. बाबा वयाने लहान, ते दुसऱ्याच बोटीवर होते. बरंच आत गेल्यावर त्यांच्या तांडेलाने वाऱ्याकडे तोंड करून वास घेतला आणि बोट वळवली. काही बोलला नाही. बाकीच्या दोन बोटी पुढे गेल्या. काकाच्या बोटीवरून कोणीतरी ओरडलं, "बायकोची आठवण आली काय?" सगळे हसले. बाबाही हसले, आपल्याच तांडेलाला. बंदरावर परत आल्यावर लोकांनी त्याला दुपारभर घाबरट म्हटलं.

संध्याकाळी वारा फिरला. एक बोट दुसऱ्या दिवशी सापडली, माणसं जिवंत. काकाची नाही.

"त्याला नंतर कोणी विचारलं, का फिरलास?" मी म्हटलं.

"कोण विचारणार? ज्यांनी घाबरट म्हटलं होतं त्यांना तोंड नव्हतं. आणि तोही कधी बोलला नाही. आमच्या आजीने त्याच्या बायकोकडे जाणं सोडलं, एवढं आठवतं. तो परत आला म्हणून."

हे शेवटचं वाक्य मला इतक्या वर्षांत पचलेलं नाही. मागे फिरलेल्या माणसाचा राग. तो बरोबर निघाला म्हणूनच राग. बाबांनी फोन ठेवताना विचारलं, त्या पंधरा माणसांची नावं कुठे लिहिलीयत का. मी म्हटलं, शोधतो.

*

शोधताना एक गोष्ट कळली. मस्जिद स्टेशनच्या पूर्वेला, पी. डिमेलो रोडवर, इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाश्यांचं स्मारक तिथे आहे. मी कॉलेजला असताना त्या रस्त्याने किती वेळा गेलो असेन. लंडनला टॉवर हिलला व्यापारी जहाजांवरच्या माणसांचं मोठं दगडी स्मारक आहे, ते पर्यटक बघतात. आपलं गोदीजवळ, ट्रकांच्या गर्दीत. पण नावं आहेत. ज्यांच्या घरी फक्त फोटो राहिला अशा माणसांच्या घरच्यांना, एखादं नाव धातूत कोरलेलं असणं म्हणजे काय, ते आमच्या घरी कोणी समजावून सांगायला नको.

मी परत आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. टाक्या तिथेच विकल्या. वसईत त्यांचा काय उपयोग, इथे बुडून दिसणार चिखल. जोडीदार निवृत्त झाला, अजून बुधवारी तलावावर जातो, नव्या पोरांना शिकवतो.

एक गोष्ट मात्र मी सामानात घेऊन आलो. माझ्या टीममध्ये नियम केला: रिलीजच्या रात्री कोणीही, सगळ्यात ज्युनिअरसुद्धा, थांबवा म्हणू शकतो, आणि त्याला त्या रात्री का असं विचारायचं नाही. मॅनेजरने पहिल्यांदा कपाळाला हात लावला. अशाने कोणी कधी काही पाठवणारच नाही म्हणाला. तसं झालं नाही. एवढ्या वर्षांत मोजून पाच-सहा वेळा कोणी थांबवलं. त्यातल्या दोन वेळा खरंच मोठं काही निघालं. बाकीच्या वेळी काहीच निघालं नाही, आणि त्या वेळी गप्प बसणं हीच या नियमाची खरी परीक्षा. चूक निघाली तर शाबासकी कोणीही देतो. काही न निघता मागे फिरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा देणं अवघड. त्या बोटवाल्याने ते एका शब्दात केलं होतं. पाचूबंदरला ते एका अख्ख्या गावाला जमलं नाही.

तो तांडेल आता नाही. शेवटची काही वर्षं तो बंदरावर जाळी विणत बसायचा. मी बाबांना म्हटलं होतं, एकदा त्याला जाऊन सांगा की त्या दिवशी तुम्ही आम्हाला परत आणलंत. बाबा गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पण त्या दिवाळीला आमच्याकडून त्यांच्या घरी फराळाचं ताट गेलं, आणि ताट रिकामं परत आलं नाही.